शिरोली एमआयडीसीतल्या ऑफिसच्या पोस्टफिक्सवरून (मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) बाहेर मेल जात नाही, लॉगमध्ये पोर्ट 25 ला 'कनेक्शन टाइम्ड आउट' येतं. रिले, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरमार्फत मेल पाठवणं, कसा लावू?

पोर्ट 25 चा नाद सोडा आणि पोस्टफिक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, म्हणजे 'मेन.सीएफ'मध्ये, रिलेहोस्ट म्हणून तुमच्या मेल सेवेचा सर्व्हर पोर्ट 587 सह द्या. बहुतेक ब्रॉडबँडवाले स्पॅम रोखायला बाहेर जाणारा 25 बंदच ठेवतात. शिरोली-उद्यमनगरातल्या कारखान्यांचे सर्व्हर मी सांभाळतो, तिथं बहुतेक वेळा हेच निघतं. बदल एवढेच:

- सर्व्हरचं नाव चौकटी कंसात लिहा, म्हणजे पोस्टफिक्स एमएक्स (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवर जातो त्याची डीएनएस नोंद) शोधत बसत नाही.
- एसएएसएल ऑथ (युजर-पासवर्डनं लॉगिन) 'येस', टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) 'एन्क्रिप्ट'.
- युजर-पासवर्डची फाइल 600 परवानगीनं (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा, तिचं नाव 'एसएमटीपी_एसएएसएल_पासवर्ड_मॅप्स'मध्ये द्या, तिच्यावर 'पोस्टमॅप' चालवा, मग रीलोड.

एवढं करूनही 'नो मेकॅनिझम अव्हेलेबल' आलं, तर एसएएसएल सिक्युरिटी ऑप्शन्समध्ये फक्त 'नोअ‍ॅनॉनिमस' ठेवा. मूळ सेटिंगमध्ये साधा पासवर्ड चालतच नाही. उबंटू असेल तर 'लिबएसएएसएल2-मॉड्यूल्स' पॅकेज आहे का तेही बघा.

मात्र 'मायनेटवर्क्स'मध्ये (कुणाला या सर्व्हरवरून मेल पाठवता येईल ती यादी) हा सर्व्हर आणि ऑफिसच्या लॅनपलीकडं काही घालू नका, कुणी कितीही सांगितलं तरी! सगळ्यांना मोकळं सोडलंत की स्पॅमवाले तुमच्याच खात्यातून मेल ढकलतील आणि सेवा देणारा ते खातं बंद करेल. शिवाय रिलेचा सर्व्हर डोमेनच्या एसपीएफ रेकॉर्डमध्ये (त्या डोमेनच्या नावानं कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात ती डीएनएस नोंद) नसेल, तर मेल जाईल, पण समोरच्याच्या स्पॅममध्ये पडू शकेल.