मैदानावरून : नऊवारीपेक्षा एक वार जास्त

प्रश्न : सर, मी 67 वर्षांची, दांडियाबाजारात राहते. मागची दिवाळी आणि नाताळ न्यू जर्सीत लेकीकडे काढला. नातू अमेरिकन फुटबॉलचा वेडा, त्याच्या शेजारी बसून बसून मलाही थोडे कळू लागले. आता त्याने पैज लावली आहे. त्याच्या लाडक्या संघाच्या सरावाला सहा रनिंग बॅक आहेत, हंगामाआधी त्यांतले कोण टिकतील ते मी ओळखायचे. हरले तर लिल्या चिवड्याचा डबा मी धाडायचा. त्याने प्रत्येकाचे गेल्या वर्षीचे आकडे आणि 40 यार्ड पळायला लागलेला वेळ पाठवला आहे. यावरून कसे ठरवू?
— एक आजी, दांडियाबाजार

उत्तर : ताई, तो 40 यार्डांचा कागद आधी घडी करून कपाटात ठेवा. घड्याळाने माझे हात एकदा पोळले आहेत. शाळेच्या खो-खो संघात मी आठवीतला एक मुलगा निव्वळ स्टॉपवॉच बघून घेतला होता. सरळ पळायला लागला की डोळ्यांचे पारणे फिटावे. आंतरशालेय सामन्यात पहिल्याच पळतीत वीस सेकंदांत बाद! खांबापाशी वळताना गडी दर खेपेला दोन पावले वाया घालवायचा, आणि मी वळताना त्याला कधी पाहिलेच नव्हते. ज्याला वगळले तो बुटका मुलगा कडेला बसून सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत होता. त्याचा चेहरा आजही आठवतो.

बाकीच्या वाचकांसाठी दोन शब्द. यार्ड म्हणजे आपला वार. संघाला चार प्रयत्नांत दहा वार पुढे सरकायचे असते, म्हणजे नऊवारी जमिनीवर पसरली तर तिच्याहून एक वार जास्त. रनिंग बॅक क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू वाटणाऱ्या-फेकणाऱ्या म्होरक्याच्या, हातून चेंडू घेतो आणि समोरच्या गर्दीत घुसतो. एका खेपेला चार वार मिळाले तरी पोट भरले म्हणायचे. एवढ्या अंतरात 40 वारांचा वेग दाखवायला जागा मिळते किती वेळा?

वेग अगदीच निरुपयोगी आहे असे नाही. क्रिस जॉन्सनने 2008च्या चाचणीत 4.24 सेकंदांची वेळ दिली आणि 2009च्या हंगामात 2,006 वार काढले. पण एमिट स्मिथ 1990 साली आला तेव्हा हा हळू आहे अशी कुजबुज होती. संघ नवे खेळाडू पाळीपाळीने उचलतात, त्या निवडीत तो सतरावा गेला. कारकिर्दीतले त्याचे 18,355 वार अजून कोणी ओलांडलेले नाहीत.

आता गेल्या वर्षीच्या आकड्यांचा कागद. तो वाचताना पळणाऱ्याचे नाव झाका आणि त्याच्यापुढे कोणते पाच धटिंगण उभे होते ते नातवाला विचारा. सेक्वॉन बार्कली 2023 साली न्यूयॉर्क जायंट्सकडून खेळला : 962 वार, दर खेपेला सरासरी 3.9. पुढच्या वर्षी तोच माणूस, तेच पाय घेऊन फिलाडेल्फियाला गेला आणि 2,005 वार काढले, सरासरी 5.8. मधल्या काळात त्याने काही संजीवनी खाल्ली नव्हती. फिलाडेल्फियाच्या पुढच्या फळीत जॉर्डन मायलाटासारखे लोक होते. हा ऑस्ट्रेलियाचा रग्बीवाला, सहा फूट आठ इंच, वजन साधारण 165 किलो. 2018मध्ये संघात निवडला गेला तोवर अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. असा माणूस वाट काढून देत असेल तर मागच्याची सरासरी वाढणारच. म्हणून फळीने मोकळी करून दिलेली वाट आणि अंगाला हात लागल्यावर त्याने स्वतः ओढून काढलेले वार हे दोन वेगळे हिशोब ठेवा. दुसरा हिशोब त्याच्या नावावर, पहिला फळीच्या.

तुम्ही लहानपणी आट्यापाट्या खेळला असाल. पाटीवरचा गडी अंग कोणत्या बाजूला टाकतो हे दिसेपर्यंत जो थांबतो, तोच पार होतो. घाई केली की मेला. लेव्हियन बेल पिट्सबर्गला असताना अगदी हेच करायचा. चेंडू हातात आल्यावर फळीच्या मागे क्षणभर उभाच राहायचा, जणू रिक्षाची वाट बघतोय, आणि फट दिसली की गेला. तुमच्या सहा जणांची चित्रफीत पाहताना फट न मिळालेल्या खेपा बघा. ठरलेली वाट बंद झाल्यावर एक जण तिथेच टाचा घासत राहतो, दुसरा एका पावलात दिशा बदलून निदान दोन वार पदरात पाडून घेतो. मला तो दुसरा हवा.

मग चेंडू त्याच्याकडे नसताना बघा. क्वार्टरबॅक फेकण्यासाठी मागे सरकला की समोरून एखादा दांडगा वेगळ्याच वाटेने त्याच्यावर चालून येतो. याला ब्लिट्झ म्हणतात. त्याला अडवायचे काम पुष्कळदा रनिंग बॅकचे असते. कोरी पाटी घेऊन आलेली पोरे इथे नापास होतात : ती चुकीच्या माणसाकडे धावतात, नाहीतर खांदा देऊन बाजूला होतात. ज्याच्यामुळे क्वार्टरबॅकच्या बरगड्या मोडतील त्याला कोणताही प्रशिक्षक मैदानात ठेवत नाही, मग तो हरणासारखा पळो.

चेंडू धरायची पद्धत घरीच समजून घेता येईल. देवापुढचा नारळ घ्या. एक टोक बोटांत, दुसरे कोपराच्या खाचेत, बाजू छातीला घट्ट, मनगट कोपरापेक्षा उंच. आता घरातल्या कोणाला तरी ओढायला सांगा. मग हात छातीपासून चार बोटे लांब करून परत ओढायला लावा, आणि खाली पायांवर लक्ष ठेवा! टिकी बार्बरच्या हातून 2003 साली नऊ वेळा चेंडू सुटला. 2004 साली नव्या प्रशिक्षकांनी त्याला चेंडू उंच आणि छातीशी घट्ट धरायला शिकवले, आणि 2005मध्ये त्याने 1,860 वार काढले.

ऑगस्टमध्ये काय बघू नये तेही ऐका. सरावाच्या पहिल्या काही दिवसांत पॅड घालत नाहीत, धडक द्यायला मनाई असते. अर्ध्या चड्डीवर सगळेच हरिण. सरावसामन्यांच्या शेवटच्या चतुर्थांशात समोर जे अडवणारे असतात त्यांतले बरेच जण आठवडाभरात घरी जाणार असतात. त्यांच्यातून काढलेले साठ वार मी वहीत पेन्सिलने लिहितो.

तुमची पैज मात्र पहिल्या दोघांवर अडणार नाही, ते नातवालाही ठाऊक असतील. 90 जणांतून 53 ठेवायचे, त्यात रनिंग बॅक साधारण तीन-चार. हा तिसरा-चौथा क्वचितच चेंडू घेऊन पळतो. त्याला किकऑफवर, म्हणजे चेंडू लाथेने समोरच्या संघाकडे मारून खेळ सुरू करतात तेव्हा, धावत जाऊन लोकांना पाडावे लागते, किंवा किक परत आणावी लागते. 2024पासून किकऑफचा नियम बदलल्याने परत आणायचे प्रसंगही वाढले आहेत. टेरेल डेव्हिस 1995 साली डेन्व्हरने सहाव्या फेरीत घेतलेला, कोणाच्या खिजगणतीत नसलेला मुलगा. टोकियोतल्या सरावसामन्यात त्याने किकऑफवर एकाला असे आडवे केले की प्रशिक्षकांची मान वळली. त्याच वर्षी तो मुख्य रनिंग बॅक झाला आणि 1998मध्ये 2,008 वारांवर पोचला. तेव्हा किक मारली जात असताना चहा टाकायला उठू नका. तुमचा चौथा माणूस तिथेच सापडेल.

प्रश्न : बडोद्याच्या मासिकात अमेरिकेचा खेळ कशाला? आपले खेळ संपले का?
— एक वाचक, रावपुरा

उत्तर : हुतुतूचे नियम 1923 साली छापले ते बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने. ज्या गावाने एका खेळाला व्याकरण दिले त्या गावाने दुसऱ्या खेळाचे व्याकरण वाचू नये, असे मला वाटत नाही.

प्रश्न : आम्ही चार मित्रांनी फँटसी लीग काढली आहे, म्हणजे खरे खेळाडू फेऱ्या-फेऱ्यांनी निवडून कागदी संघ करायचे आणि त्यांच्या खऱ्या आकड्यांवर गुण मोजायचे. गेल्या हंगामात सर्वांत जास्त वेळा चेंडू घेऊन पळालेला खेळाडूच पहिल्यांदा घ्यावा, असे बाकीचे म्हणतात. बरोबर आहे का?
— एक विद्यार्थी, मांजलपूर

उत्तर : अरे, गेल्या वर्षी जास्त पळाला म्हणजे गेल्या वर्षी जास्त मारही खाल्ला. लॅरी जॉन्सन 2006 साली 416 वेळा पळाला, तो विक्रम आहे. पुढच्या वर्षी आठ सामन्यांत पाय दुखावून घरी. डेमार्को मरेने 2014मध्ये डॅलसकडून 392 खेपांत 1,845 वार काढले. पुढच्या वर्षी संघ बदलला, वार 702. त्यात फळी बदलल्याचाही वाटा आहे, सगळे पाप थकव्याच्या माथी मारू नकोस.

तुझे मित्र डेरिक हेन्रीचे नाव तोंडावर फेकतील. 2024मध्ये तिशीतही त्याने 1,921 वार काढले, मान्य. पण 2020मध्ये तो 378 खेपा पळाला होता आणि 2021मध्ये आठव्या सामन्यात त्याचे पाऊल मोडले, हेही त्यांना सांग. साडेतीनशेच्या वर खेपा झालेला असेल तर मी त्याला पहिल्या फेरीत घेत नाही. शिवाय त्याच्या मागचा दुसरा माणूस कोण आहे ते शोधून शेवटच्या फेरीत स्वस्तात उचलून ठेवतो. बेल 2018मध्ये करारावरून अडून पूर्ण हंगाम घरी बसला, तेव्हा जेम्स कॉनरने 13 सामन्यांत 973 वार काढले. कॉनरला ज्यांनी शेवटी उचलले असेल ते वर्षभर मिशीला पीळ देत फिरले असतील.

प्रश्न : सामने इथे किती वाजता दिसतात? नोकरीवर सकाळी नऊला हजर व्हायचे असते.
— एक वाचक, अलकापुरी

उत्तर : रविवारी रात्री साडेदहाला पहिले सामने. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे मागे जातात, मग साडेअकराला. तिकडचा रविवार रात्रीचा सामना आपल्याकडे सोमवारी पहाटे 5:50ला सुरू होतो, घड्याळे मागे गेली की 6:50ला. मी तोच बघतो. दूधवाला येतो तेव्हा पहिला चतुर्थांश चालू असतो, आणि मध्यंतर होईतो दात घासून होतात.