झोन फाइल ‘ओके’ आहे म्हणतंय, मग साइट का उघडत नाहीये?

या वेळी डीएनएसवरचे (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा) बरेच प्रश्न आलेत, त्यातले चार घेतलेत. कमांड इथे देवनागरीत छापल्यात, टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या.

प्रश्न: ताई नमस्कार, मी मुलुंडला एका ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ऑफिसात सिस्टिम बघतो, म्हणजे प्रिंटर अडकला तरी मीच आणि सर्व्हर झोपला तरी मीच. आमचा डीएनएस दोन मशीनवर चालायचा, दोन्हीकडे बाइंड (डीएनएस सर्व्हरचं सॉफ्टवेअर). मेन मशीनची हार्ड डिस्क गेली आणि बॅकअप कुणी घेतलाच नव्हता. दुसऱ्या मशीनवर झोन फाइल (डोमेनच्या सगळ्या नोंदींची फाइल) सापडली पण एडिटरमध्ये उघडली तर नुसता कचरा दिसतोय. ही पण गेली का? — एक वाचक, मुलुंड

उत्तर: नाही हो, फाइल धडधाकट असणार. बाइंड 9.9 पासून, म्हणजे 2012 पासून, सेकंडरी सर्व्हर (मेनकडून कॉपी घेणारा, म्हणजे तुमचं दुसरं मशीन) झोनची कॉपी डिस्कवर टेक्स्टमध्ये न ठेवता रॉ नावाच्या बायनरी फॉरमॅटमध्ये ठेवतो, कारण सर्व्हर सुरू होताना ती पटकन वाचता येते. तुम्हाला कचरा दिसतोय तो हाच.

ती परत वाचण्यासारखी करायला बाइंडबरोबरच नेम्ड-कंपाइलझोन येतं, डेबियन-उबुंटूवर बाइंड9-यूटिल्स या पॅकेजमध्ये मिळेल. त्याला डॅश लावून दोन एफ द्यायचे असतात आणि इथेच लोक गडबडतात: छोट्या एफपुढे आत जाणारा फॉरमॅट म्हणजे रॉ, कॅपिटल एफपुढे बाहेर येणारा म्हणजे टेक्स्ट. मग डॅश ओ देऊन नव्या फाइलचं नाव (जुनीच्याच डोक्यावर लिहू नका प्लीज, तेवढी एकच कॉपी उरलीय तुमच्याकडे), मग झोनचं नाव आणि शेवटी जुनी फाइल. शेजारी त्याच नावाची आणि शेवटी जेएनएल असलेली फाइल दिसली तर ती जर्नल, शेवटचे बदल तिच्यातच पडलेले असू शकतात, म्हणून दोन्ही फाइल एकत्र कॉपी करा आणि कमांडला डॅश जे लावा.

एक अडचण येईल बघा. कंपाइलझोन हा चेकझोनचाच (झोन फाइल तपासणारी कमांड) कडक भाऊ आहे, नावांच्या बाबतीत चेकझोन नुसती वॉर्निंग देऊन सोडतो तिथे हा अडून बसतो. कुणीतरी कधीकाळी ‘प्रिंटर_गोडाऊन’ असं अंडरस्कोअरवालं नाव ए रेकॉर्डला (नावाचा आयपी पत्ता सांगणारी नोंद) दिलेलं असतंच, त्यावर हा ‘बॅड ओनर नेम’ म्हणून थांबेल. घाबरू नका, डॅश के इग्नोर द्या, फाइल हातात येऊ दे, नावं नंतर सुधारा. टीएक्सटी आणि एसआरव्ही रेकॉर्डमधल्या अंडरस्कोअरला मात्र हात लावू नका, ते तिथे हवेच असतात.

आणि घाई करा. एसओए रेकॉर्डमध्ये (झोनची मुख्य नोंद) सिरियल (फाइलचा आवृत्ती क्रमांक, तो वाढला तरच सेकंडरी नवी कॉपी घेतो), रिफ्रेश, रिट्राय आणि मग चौथा आकडा एक्स्पायर, तो सेकंदांत असतो. 604800 असेल तर सात दिवस. मेन मशीनशी शेवटचं बोलणं झाल्यापासून तेवढा वेळ गेला की सेकंडरी त्या झोनची उत्तरं देणंच बंद करतो. त्याच्या आत टेक्स्ट फाइल काढून याच मशीनला प्रायमरी म्हणजे मेन करून टाका.

प्रश्न: ऑनलाइन दुकानासाठी शॉप नावाचं सबडोमेन टाकलं, ते बाहेरच्या होस्टिंगकडे वळवायचं होतं. नेम्ड-चेकझोन चालवलं, ‘लोडेड सिरियल’ आणि खाली ‘ओके’ आलं. तरी शॉप उघडत नाही, होस्टिंगवाले म्हणतात तुमच्याकडे बघा. — एक वाचक, परळ

उत्तर: होस्टिंगवाले बरोबर बोलतायत. तुम्ही पाठवलेली ओळ अशी होती (डोमेनची नावं बदललीयत, तुमचं इथे एक्झाम्पल.कॉम): ‘शॉप, सीनेम, स्टोअर.एक्झाम्पल.नेट’ आणि शेवटी टिंब नाही. सीनेम म्हणजे हे नाव त्या दुसऱ्या नावाकडे वळवा. झोन फाइलचा नियम 1987 च्या आरएफसी 1035 (डीएनएसचे नियम लिहिलेला दस्तऐवज) पासूनचा आहे, ज्या नावाच्या शेवटी टिंब नाही ते अर्धवट धरायचं आणि त्याला आपल्या झोनचं नाव चिकटवायचं. म्हणजे तुमचं शॉप आता स्टोअर.एक्झाम्पल.नेट.एक्झाम्पल.कॉम या पत्त्याकडे बोट दाखवतंय आणि असा पत्ता जगात कुठेच नाहीये.

मग चेकझोन ओके का म्हणालं? कारण ते व्याकरण बघतं आणि काही ठराविक हिशोब जुळवतं. हेच टिंब एनएस (नेमसर्व्हर) किंवा एमएक्सच्या (मेल सर्व्हर) ओळीत विसरला असता तर ‘हॅज नो अ‍ॅड्रेस रेकॉर्ड्स’ म्हणून ओरडलं असतं, सीनेमच्या नावाशेजारी दुसरा रेकॉर्ड ठेवला असता तर ‘सीनेम अँड अदर डेटा’ म्हणून फाइलच नाकारली असती. पण सीनेम ज्याच्याकडे बोट दाखवतो ते नाव खरंच आहे का हे ते तपासत नाही. टीसीने पास बघितला आणि बरोबर आहे म्हणाला, तुम्हाला जोगेश्वरीला उतरायचंय आणि तुम्ही विरार फास्टमध्ये चढलायत हे त्याला कसं कळणार!

म्हणून माझं मत असं की नुसत्या ओकेवर झोन लाइव्ह करूच नये. चेकझोनला कॅपिटल डी लावा, ते पूर्ण फाइल उलगडून स्क्रीनवर ओततं, प्रत्येक रेकॉर्ड एका ओळीत, प्रत्येक नाव शेवटच्या टिंबापर्यंत, डॉलर ओरिजिन, अ‍ॅटचं चिन्ह, रिकामी सोडलेली नावं असे सगळे शॉर्टकट सोडवून. त्यात आपलं डोमेन एकाच नावात दोनदा आलेलं ग्रेपने (मजकूर शोधणारी कमांड) शोधलं की असली चूक लगेच सापडते. त्याहून बरं म्हणजे बदलाआधीची आणि नंतरची फाइल दोन्ही अशा उलगडून घ्या आणि डिफ करा, म्हणजे दोन्हीतला फरक काढा. नावं क्रमाने लागलेली असतात त्यामुळे तुम्ही खरोखर काय बदललंत तेवढंच दिसतं, आणि एक ओळ बदलली असं वाटत असताना डिफमध्ये पंधरा ओळी दिसल्या तर तिथेच थांबायचं. फक्त उलगडलेली फाइल रोजच्या कामाला वापरू नका, त्यात तुमच्या सेमिकोलनवाल्या कॉमेंट राहत नाहीत.

एनएस-एमएक्सच्या ओळींतली बाहेरची नावं मात्र चेकझोन खरोखर डीएनएसला विचारून बघतं, त्यामुळे नेट नसलेल्या मशीनवर ते उगाच तक्रारी करेल, तिथे डॅश आय लोकल द्या. आणि टिंब टाकल्यावर लगेच साइट उघडली नाही तर परत फाइल उकरत बसू नका, ‘असं नाव नाही’ हे उत्तरसुद्धा बाहेरचे सर्व्हर काही वेळ लक्षात ठेवतात. सिरियल वाढवलाय ना तेवढं बघा.

प्रश्न: सिरियलवरूनच विचारते. आमच्याकडे 2025 च्या जागी 2052 टाइप झालं, 2052010101 असं. आता बरोबर तारखेचा सिरियल टाकला तर सेकंडरी नवीन काही घेतच नाही. चेकझोन ओके! — एक वाचक, मालाड

उत्तर: चेकझोनला आधीचा सिरियल काय होता ते माहीतच नसतं, त्यामुळे ते ओकेच म्हणणार. सेकंडरीच्या दृष्टीने तुमची नवीन फाइल जुनी आहे. सेकंडरी तुमच्याच हातात असेल तर तिथे आरएनडीसी (बाइंडला हुकूम देणारी कमांड) रीट्रान्सफर आणि झोनचं नाव, संपला विषय, ते सिरियल न बघता सगळा झोन परत आणतं.

सेकंडरी दुसऱ्याकडे असेल तर गणित करावं लागेल. सिरियल 32 बिटांचा असतो आणि घड्याळासारखा गोल फिरतो. चुकलेल्या आकड्यात 2147483647 मिळवा, येतात 4199493748, तो टाकून रीलोड करा. सगळ्या सेकंडरींनी तो उचलला की (प्रत्येकीला डिग या डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या कमांडने एसओए विचारून खात्री करा, अंदाजाने नको) मग आजच्या तारखेचा सिरियल टाका, आता तो त्यांना पुढचा वाटेल.

प्रश्न: मराठी नावाचं डॉट भारत डोमेन घेतलंय. झोन फाइलमध्ये सरळ देवनागरीत लिहिलं तर चालेल का? — एक वाचक, गिरगाव

उत्तर: नको. डॉट भारत 2014 पासून मिळतंय खरं, पण डीएनएसच्या आत ते नाव एक्सएन आणि दोन डॅशने सुरू होणाऱ्या रोमन रूपातच फिरतं आणि ब्राउझर तेच विचारतो. देवनागरी लिहिलंत तर चेकझोन त्याचे नुसते बाइट्स धरेल, ए रेकॉर्ड असेल तर वॉर्निंग देईल, वर ओके पण म्हणेल, आणि साइट कुणालाच सापडणार नाही. आयडीएन2 नावाची छोटी कमांड आहे, तिला मराठी नाव द्या, ती जे छापेल ते फाइलमध्ये टाका, आणि वर सेमिकोलन लावून मराठी नाव कॉमेंटमध्ये लिहून ठेवा म्हणजे पुढच्या माणसाला कळेल हे काय आहे.