कड्यावरची धडधड

प्रश्न : ताई, माझे वय २६ असून मी पुण्यात नोकरी करतो. गेल्या डिसेंबरात एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर हरिहर गडावर गेलो होतो. कातळात खोदलेल्या त्या उभ्या पायऱ्यांच्या मध्यावर माझे पाय लटपटू लागले. तेव्हा माझ्या वरच्या पायरीवर असलेली मुलगी थांबली आणि 'खाली बघू नकोस, उजव्या हाताची खोबण धर' असे शांतपणे सांगत तिने मला वरपर्यंत नेले. त्या दिवसापासून तिचा विचार मनातून जात नाही. फोनवर बोलणे होते, भेट मात्र अजून झालेली नाही. मानसशास्त्र शिकणारा माझा मित्र म्हणतो, "हे प्रेम नव्हे, भीतीने अंगात सुटणारे ॲड्रेनलिन हे रसायन आहे, कॅनडातल्या एका पुलावर याचा प्रयोगच होऊन गेला आहे." त्याचे खरे असेल, तर तिला भेटायला जाणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक ठरेल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या मित्राने सांगितलेला प्रयोग खरा आहे आणि प्रसिद्धही आहे, मात्र त्याने तो अर्धाच सांगितला आहे.

व्हँकूवर शहराच्या उत्तरेला कॅपिलानो नदीवर एक झुलता पूल आहे. लांबी सुमारे ४५० फूट, खाली सुमारे २३० फुटांची दरी, तारेच्या दोरांना अडकवलेल्या लाकडी फळ्या, कठडा कमरेलाही न पोचणारा, आणि पाऊल टाकले की सगळा पूल डुलतो. डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन या दोन मानसशास्त्रज्ञांनी तिथे केलेला प्रयोग १९७४ साली प्रसिद्ध झाला. एकट्याने पूल ओलांडणाऱ्या तरुण पुरुषांना एक तरुणी गाठत असे, काही प्रश्न विचारत असे आणि एक चित्र दाखवून त्यावर छोटीशी गोष्ट लिहायला सांगत असे. शेवटी कागदाचा कोपरा फाडून त्यावर ती आपले नाव व फोन नंबर लिहून देई आणि प्रयोगाविषयी अधिक जाणून घ्यायचे असल्यास फोन करा, असे सांगे. हाच प्रकार नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका भक्कम, रुंद, पाण्यापासून जेमतेम दहा फूट उंचीच्या पुलावरही करण्यात आला. फोन कोणत्या पुलावरच्या माणसाचा आहे हे ओळखता यावे म्हणून तिने एका पुलावर 'ग्लोरिया' आणि दुसऱ्यावर 'डोना' असे नाव सांगितले होते, ही त्यातली गमतीची बाब. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी फोन केला; भक्कम पुलावरच्या १६ जणांपैकी फक्त दोघांनी. झुलत्या पुलावर लिहिलेल्या गोष्टींत शृंगाराची छटाही अधिक होती.

यावरून संशोधकांनी काढलेला निष्कर्ष असा, की भीतीमुळे वाढलेले हृदयाचे ठोके, सुटलेला घाम आणि कोरडा पडलेला घसा यांचे कारण मन समोरच्या व्यक्तीत शोधते. शरीराची खळबळ एकाच प्रकारची असते आणि तिला नाव मन देते, तेही आजूबाजूला काय दिसते आहे ते पाहून. त्यावर लगेच शंका निघू शकते, की झुलत्या पुलावर जाणारे लोक मुळातच धाडसी असतील आणि अनोळखी मुलीला फोन करणे त्यांना सोपे जात असेल. ही शंका संशोधकांनाही होतीच. म्हणून पुढच्या टप्प्यात त्यांनी तोच झुलता पूल ओलांडून किमान दहा मिनिटे विसावलेल्या पुरुषांशी तुलना केली. श्वास ताळ्यावर आलेल्या या मंडळींमध्ये परिणाम ओसरलेला दिसला. तरीही १८ आणि १६ ही माणसे थोडीच आहेत, आणि एवढ्याशा आकड्यांवर पुढे लोकांनी केवढा डोलारा उभा केला याचे मला नेहमीच आश्चर्य वाटत आले आहे.

मित्राच्या सांगण्यातून राहिलेला भाग १९८१ सालचा आहे. ग्रेगरी व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुणांना एका जागीच पळायला लावले, काहींना दोन मिनिटे आणि काहींना केवळ पंधरा सेकंद. त्यानंतर त्यांना एका तरुणीची चित्रफीत दाखवली. तरुणी एकच होती. एका चित्रफितीत तिला आकर्षक दिसेल असे सजवले होते आणि दुसरीत मुद्दाम गबाळी केले होते. धाप लागलेल्यांना आकर्षक तरुणी इतरांपेक्षा अधिक आवडली, आणि गबाळी तरुणी इतरांपेक्षा अधिक नावडली. धडधडीने नवे काही निर्माण केले नाही, जे मनात उमटणारच होते त्याचा आवाज तिने वाढवला. हरिहरच्या पायऱ्यांवर तुमच्या पुढे-मागे ग्रुपमधली इतरही माणसे असणार. धडधड तर सर्वांदेखत होत होती. मग मन त्यांच्यातल्या कोणाकडे का गेले नाही, हे मित्राला विचारून पाहा.

शिवाय रक्तातले ॲड्रेनलिन काही मिनिटांत नाहीसे होते. गडाच्या माथ्यावर पाणी पिऊन तुम्ही बसलात, तेव्हाच ते सरू लागले होते. आज तुम्हाला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. २००५ साली ॲरन, हेलन फिशर आणि ल्युसी ब्राउन यांनी नुकत्याच प्रेमात पडलेल्या १७ जणांच्या मेंदूचे एमआरआय यंत्रावर निरीक्षण केले. प्रिय व्यक्तीचे छायाचित्र पाहताना मध्यमेंदूतला डोपामिन तयार करणारा भाग उद्दीपित झालेला आढळला. डोपामिनला वर्तमानपत्रे 'आनंदाचे रसायन' म्हणतात, ते मला पटत नाही. त्याचा संबंध आनंद मिळण्यापेक्षा ओढ लागण्याशी अधिक आहे, आणि मिळेल की नाही ही अनिश्चितता असली की ओढ वाढते. तुमची भेट झालेली नाही, हे या खळबळीचे एक मोठे कारण असू शकते.

म्हणून भेटीचे म्हणाल तर जरूर भेटा, पण पुन्हा एखादा कडा चढायला जाऊ नका. सपाट जमिनीवर, चहाच्या टपरीवर, घाई नसलेल्या संध्याकाळी भेटा. दुसऱ्याला भीती वाटत असताना ही मुलगी शांत राहते, एवढे तिच्याविषयी तुम्हाला कळलेले आहे. ती माहिती ॲड्रेनलिनने दिलेली नाही, तिच्या वागण्याने दिलेली आहे. मात्र तिच्या दृष्टीने तो ट्रेकवरचा नेहमीचा शेजारधर्मही असू शकतो. पायऱ्यांवर पाय तुमचे लटपटत होते, तिचे नव्हे.

प्रश्न : आमची कपाशीची शेती आहे. मोबाइलवर सारखी एका अत्तराची जाहिरात येते. त्यात 'फेरोमोन', म्हणजे जोडीदाराला ओढणारा गंध, असल्याने स्त्रिया आपोआप आकर्षित होतात, असा दावा आहे. आमच्या शेतातल्या कामगंध सापळ्यात पतंग येतात, हे तर डोळ्यांनी दिसते. मग माणसात का होऊ नये? — एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : तुमच्या सापळ्यातली ल्युर म्हणजे गुलाबी बोंडअळीच्या मादी पतंगाच्या गंधाची नक्कल असते. नर त्या वासाने येतो, मादी तिथे नसतानाही येतो आणि अडकतो. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ पतंग सापडले, की फवारणीचा विचार करावा, असे कृषी विभाग सांगतो, म्हणजे हा गंध मोजणीइतका भरवशाचा आहे. असा पहिला गंधरेणू १९५९ साली जर्मनीत अडॉल्फ बुटेनांट यांनी रेशमाच्या पतंगापासून वेगळा केला.

सस्तन प्राण्यांतही उदाहरण आहे. नर डुकराच्या लाळेतल्या अँड्रोस्टेनोन या द्रव्याच्या वासाने माजावर आलेली मादी स्तब्ध उभी राहते, आणि वराहपालनात त्याचा फवारा प्रत्यक्ष वापरला जातो. हे द्रव्य माणसाच्या घामातही अल्प प्रमाणात सापडते, आणि अशा अत्तरांचा सगळा धंदा बहुधा याच योगायोगावर चालतो. माणसात असे काम करणारा एकही रेणू आजवर सिद्ध झालेला नाही. प्राण्यांच्या नाकात असे गंध टिपणारे जे वेगळे इंद्रिय असते, त्याचा माणसात नुसता अवशेष उरला असून त्याला मेंदूशी जोडणाऱ्या कार्यरत नसाही प्रौढ माणसात आढळत नाहीत.

अंगाच्या वासाला काहीच अर्थ नाही, असे मात्र नव्हे. १९९५ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे क्लाउस वेडेकिंड यांनी ४४ पुरुषांना दोन रात्री एकच सुती टी-शर्ट घालून झोपायला सांगितले आणि ४९ स्त्रियांकडून त्या शर्टांचे वास पारखून घेतले. रोगप्रतिकारशक्तीची जनुके आपल्याहून वेगळी असलेल्या पुरुषांचा वास स्त्रियांना सरासरीने अधिक सुखद वाटला. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये मात्र हा कल उलटा दिसला. पुढच्या अभ्यासांतून कधी असा तर कधी तसा निकाल आला आहे, त्यामुळे त्यावर फार विसंबू नये. आणि तो प्रयोग मान्य केला, तरी त्यात ज्याचा-त्याचा स्वतःचा वास महत्त्वाचा ठरतो. सर्वांना सारखाच लागू पडणारा वास बाटलीत भरून विकणे हे त्याच्या नेमके उलट आहे. पैसे वाचवा.

प्रश्न : ताई, आमचे लग्न ३१ वर्षांपूर्वी ठरवून झाले. पाहण्याच्या कार्यक्रमात मी मान वर केलीच नाही. मला आठवतो तो फक्त त्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी पडलेला भोक. आज त्यांच्यावाचून मला करमत नाही. माझी मुलगी २८ वर्षांची आहे. विवाहसंस्थेच्या संकेतस्थळावर नव्वद टक्के जुळणारी स्थळे दाखवली, तरी 'क्लिक होत नाही' म्हणून ती पहिल्याच भेटीत नकार देते. चूक कोणाची? — एक वाचक, सांगली

उत्तर : नव्वद टक्क्यांवर तुम्ही ठेवलेला विश्वास मला तुमच्या मुलीच्या नकारापेक्षा अधिक चुकीचा वाटतो. समांथा जोएल, पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तरुण-तरुणींकडून भेटीआधी स्वभाव, आवडी, जोडीदाराविषयीच्या अपेक्षा अशा शंभराहून अधिक गोष्टी भरून घेतल्या आणि मग त्यांच्या चार-चार मिनिटांच्या भेटी घडवल्या. एखादी व्यक्ती साधारणपणे किती जणांना आवडेल, याचा थोडाफार अंदाज संगणकाला आला. या मुलाला हीच मुलगी विशेष आवडेल का, याचा मात्र मुळीच आला नाही. तो मोज्याचा भोक कोणत्या रकान्यात भरणार?

तुमच्याविषयी मात्र विज्ञानाकडे सांगण्यासारखे आहे. १९८२ साली जयपूरच्या ५० जोडप्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रेमविवाह केलेल्यांच्या प्रेमाचा गुणांक प्रारंभी जास्त होता आणि वर्षांगणिक उतरत गेला. ठरवून लग्न केलेल्यांचा प्रारंभी कमी होता आणि चढत गेला. ठरवून लग्न करण्याचा आग्रह धरणारी मंडळी हा अभ्यास हिरिरीने सांगतात. अमेरिकेतील भारतीय जोडप्यांच्या २०१२ सालच्या अभ्यासात या दोन प्रकारांत फरक आढळला नव्हता, हे ती सहसा सांगत नाहीत. सरासरी २१ वर्षे लग्न होऊनही उत्कट प्रेम वाटते असे सांगणाऱ्या १७ जणांच्या मेंदूचे निरीक्षण झाले, तेव्हा नवप्रेमिकांत दिसलेला तोच डोपामिनचा भाग त्यांच्यातही उद्दीपित झालेला आढळला. म्हणजे तुम्ही म्हणता ते 'न करमणे' केवळ सवयीचे नसेलही.

सहवासाने ओढ वाढते, हेही खरे आहे. अमेरिकेतील एका विद्यापीठात १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चार तरुणींना एका वर्गात अनुक्रमे शून्य, पाच, दहा आणि पंधरा तासांना नुसते येऊन बसायला सांगितले होते. त्या कोणाशी बोलल्या नाहीत. सत्राअखेरीस विद्यार्थ्यांना छायाचित्रे दाखवली, तेव्हा जितके तास अधिक, तितकी ती तरुणी अधिक आवडलेली दिसली. मात्र हा नियम अनोळखी, पण नकोशा न वाटणाऱ्या व्यक्तीला लागू पडतो. पहिल्याच भेटीत जिचा राग आला, ती व्यक्ती वारंवार समोर आल्याने राग वाढण्याचीच शक्यता अधिक.

तेव्हा मुलीला प्रश्न वेगळ्या रीतीने विचारून पाहा. 'आवडला का?' असे न विचारता 'नकोसा तर वाटला नाही ना?' असे विचारा. उत्तर 'नाही' असे आले, तर होकार-नकाराचा विषय न काढता त्या दोघांना आणखी दोन-तीनदा भेटू द्या, तुमच्या दिवाणखान्यात नव्हे, बाहेर कुठेतरी. आणि 'नकोसाच वाटला' असे ती म्हणाली, तर ते स्थळ तिथेच सोडा, टक्केवारी कितीही असो.