पट्ट्या कापल्यात, आता माल परत जाणार नाही

प्रश्न: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा खाटकाचे सुरे आणि घरगुती सुऱ्या बनवण्याचा छोटा कारखाना आहे. पुण्याच्या एका व्यापाऱ्याला व्हॉट्सॲपवर ‘ओएचएनएस, ३० बाय ५, १५० किलो’ (तेलात थंड करून कडक होणाऱ्या हत्यारी पोलादाच्या ३० बाय ५ मिमीच्या पट्ट्या) अशी ऑर्डर दिली. अर्ध्या पट्ट्या कापून झाल्यावर कळलं, सुऱ्यांना पाणी चढत नाही, म्हणजे तापवून थंड केल्यावरही त्या कडक होत नाहीत. बहुधा ईएन-८, म्हणजे साधं मध्यम कार्बनचं पोलाद दिलंय. चार महिने झालेत. बिलावर ‘तक्रार सात दिवसांत, विकलेला माल परत नाही’ असं छापलंय, आणि आता बाकीसाठी वकिलाची नोटीस आली आहे. माल परत देऊन पैसे मिळतील का?

उत्तर: नाही. तो हक्क पट्ट्या करवतीखाली घातल्यात तेव्हाच गेला. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४२ प्रमाणे, मालाचं असं काही केलं की जे विक्रेत्याच्या मालकीशी जुळत नाही, किंवा वाजवी मुदतीत माल नाकारल्याचं कळवलंच नाही, तर तो स्वीकारला असं धरतात. तुमच्या हातून दोन्ही झालं. टेम्पो आला त्या दिवशी बोटभर तुकडा चुंबक सुटेपर्यंत तापवून तेलात टाकला असता आणि त्यावर कानस चालवून पाहिली असती, तर हा प्रश्नच आला नसता. १५० किलो माल घेणाऱ्याने एवढं करायलाच हवं.

माल स्वीकारला म्हणून भरपाई मात्र बुडत नाही. कलम १५ प्रमाणे माल सांगितलेल्या वर्णनाचाच हवा. कलम १३(२) आणि ५९ मिळून तुम्हाला किमतीत कपात मागता येते किंवा नुकसानीचा दावा लावता येतो. म्हणून आता सगळं एका गोष्टीवर येतं: दिलेलं पोलाद ओएचएनएस नव्हतं, हे सिद्ध होणं.

इथे हार्डनेसचा (कडकपणाचा) रिपोर्ट पुढे करू नका. ‘तुमच्या भट्टीचं तापमान चुकलं’ असं समोरचा लगेच म्हणेल. रासायनिक पृथक्करण घ्या. ओएचएनएसमध्ये कार्बन ०.९ टक्क्याच्या आसपास, शिवाय क्रोमियम आणि टंगस्टन प्रत्येकी साधारण अर्धा टक्का असतं. ईएन-८ मध्ये कार्बन ०.४ च्या आसपास, टंगस्टन नाही. भट्टीत कितीही चुकलात तरी टंगस्टन नाहीसं होत नाही. न कापलेल्या पट्टीतून, दोन त्रयस्थ पंचांसमोर, सलग तीन तुकडे घ्या: एक एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला, एक सीलबंद व्यापाऱ्याला, एक सीलबंद तुमच्याकडे. वरची काळी खपली आणि तिच्याखालचा थर घासून काढायला प्रयोगशाळेला लेखी सांगा. त्या थरातला कार्बन जळालेला असतो, रिपोर्ट खोटा कमी येतो आणि व्यापाऱ्याच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. रंग लावलेलं किंवा हीट नंबर (पोलादाच्या घाण्याचा क्रमांक) ठोकलेलं टोक कापू नका. उरलेल्या पट्ट्यांना तेल लावून बाजूला ठेवा, दाव्याला वर्षं लागतात.

बिलावर नुसतं ‘फ्लॅट’ (पट्टी) लिहिलं असेल तर एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठीचा मालाच्या वर्गवारीचा क्रमांक बघा. ७२२८ म्हणजे मिश्रधातूच्या पोलादाचे बार, ७२१४ म्हणजे साध्या. ७२२८ असेल तर व्यापाऱ्याने स्वतःच मिश्रधातू म्हणून विकलंय. ऑर्डरचा मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका. ते संदेश कोर्टात मांडायला भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं.

‘सात दिवस’ ही अट ऑर्डरनंतर आलेल्या बिलावर आहे, त्यामुळे ती करारात बसते का यावर वाद घालता येईल. निकाल कुठल्या बाजूने जाईल, हे आज सांगत नाही. ग्राहक आयोगाचंही तसंच: ‘व्यावसायिक हेतू’ने माल घेणारा तिथे ग्राहक धरला जात नाही; उपजीविकेसाठी स्वतः राबत असाल तर हा अडसर दूर होऊ शकतो, कामगार ठेवून धंदा करत असाल तर अवघड. तिथे मुदत दोन वर्षं, सोलापुरातच तक्रार करता येते. दिवाणी दाव्याला तीन वर्षं, तीही डिलिव्हरीपासून मोजा.

नोटिशीला उत्तर या आठवड्यातच नोंदणीसह स्पीड पोस्टाने जाऊ द्या, रिपोर्टची वाट बघत बसू नका. त्यात तीनच मुद्दे हवेत: ऑर्डर ओएचएनएसची होती, माल वर्णनाप्रमाणे नाही, नुकसानीएवढी रक्कम कापून उरलेली द्यायला तयार आहे. सगळीच बाकी अडवून धरलीत तर व्याजाचा मुद्दा निघेल.