जुनी लॅटिन मिस्साच (कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) खरी, मराठी मिस्सा 'खरी' नाही, म्हणून रविवारी घरीच रोझरी (जपमाळेची प्रार्थना) केली तर चालेल का?

नाही, चालणार नाही. नाशिकरोडच्या चर्चमधली मराठी मिस्सा पूर्णपणे वैध आहे, आणि चर्च कायद्याच्या १२४७ व्या कलमाप्रमाणे रविवारी मिस्साला जाणं बंधनकारक आहे, रोझरी कितीही भक्तीने केली तरी ती मिस्साच्या जागी येत नाही. मराठी मिस्साच्या विरोधात बोलणारे युट्युबवरचे लोक पोप सोळाव्या बेनेडिक्टचं नाव घेतात ना, त्याच पोपनी २००७ मध्ये जुन्या लॅटिन मिस्साला मोकळीक देताना जुनी आणि आजची मिस्सा, दोन्ही एकाच रोमन विधीची रूपं आहेत असं स्पष्ट लिहिलंय, तेवढं मात्र कोणी सांगत नाही! २०२१ मध्ये पोप फ्रान्सिसनी त्या मोकळिकीवर निर्बंध आणले, आता १९६२ च्या पुस्तकाची, म्हणजे जुनी लॅटिन मिस्सा हवी तर बिशपची परवानगी लागते, त्यामुळे मागायचंच असेल तर सरळ बिशप हाऊसला अर्ज करा, व्हॉट्सअप ग्रुपवर भांडून काही होत नाही. आणि गिटार, टाळ्या, गोंगाट याचा त्रास होत असेल तर सकाळची पहिली मिस्सा धरा, ती बहुतेक ठिकाणी शांत असते. गुडघे टेकून जिभेवर कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) घ्यायलाही कोणी अडवू शकत नाही, रोमने २००४ च्या सूचनेत तसं लेखी दिलंय. फक्त एक, आजारपण, अंगावरचं बाळ किंवा घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर मिस्सा चुकली म्हणून पाप लागत नाही, तेव्हा घरी रोझरी जरूर करा.