पंखा फिरतो आणि थांबतो

प्रश्न : घरीच नवा संगणक जोडला. बटण दाबले की पंखे सेकंदभर फिरतात आणि सगळे बंद. पॉवर सप्लाय बदलून आणू का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : इतक्यात नको. आधी प्रोसेसरजवळची ८ पिनांची केबल पाहा. २४ पिनांची मोठी केबल लावली तरी ही वेगळी लागतेच, आणि नवशिक्यांकडून हीच राहते. ती ४+४ अशी दुभंगते. ग्राफिक्स कार्डाची ६+२ अशी. दोन्हींची वायरिंग एकमेकींच्या उलट असते, म्हणून एकीच्या जागी दुसरी जोर लावून बसवू नका.

केबल ठीक असेल तर शॉर्टचा संशय घ्या. मदरबोर्डखाली (मुख्य बोर्डाखाली) एखादा पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड उचलून धरणारा छोटा खुंट, जादा राहिला, की तो बोर्डाच्या मागच्या सोल्डरच्या टाक्यांना टेकतो आणि सप्लाय स्वतःला वाचवायला बंद पडतो. प्लग काढा, बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. फक्त प्रोसेसर, त्याचा कूलर आणि एक रॅम एवढ्यावर चालू करा. इथे चालला तर दोष कॅबिनेटमध्ये किंवा काढून ठेवलेल्या भागांत. नाही चालला, तर ओळखीच्याचा चालू सप्लाय लावून बघा आणि मगच खर्च करा. सप्लाय मात्र उघडू नका. आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतभार धरून ठेवतात.

घर जुने असेल तर अर्थिंगही तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर हे काम आधी इलेक्ट्रिशियनचे.