साताऱ्यातील जुन्या वाड्यात असलेली मोडी कागदपत्रे आणि चित्रे कॅमेऱ्याने प्रमाणित दर्जाची कशी टिपावीत?

२४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स या कामाला पुरेशी आहे. मात्र कॅमेरा खाली तोंड करून पक्क्या उभ्या स्टँडवर बसवावा आणि दोन्ही बाजूंनी ४५ अंशांच्या कोनात सारखे दिवे लावावेत. अमेरिकेतील संघीय संस्थांच्या ‘फॅडगी’ या मानकात कागदपत्रांसाठी तीन ताऱ्यांच्या दर्जाला ३०० आणि सर्वोच्च चार ताऱ्यांच्या दर्जाला ४०० पीपीआय (दर इंचाला पिक्सेल) अपेक्षित आहे. ६००० × ४००० पिक्सेलच्या चित्रात ४०० पीपीआयला सुमारे १५ × १० इंचांचा भाग मावतो. म्हणून लांबलचक मोडी कागद एकाच वेळी न टिपता, एकमेकांवर थोडे येणाऱ्या तुकड्यांत टिपावा. कॅमेरा कागदाला समांतर आहे की नाही, हे टेबलावर आरसा ठेवून पाहावे: लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यभागी आले पाहिजे. आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १००, लेन्सचे छिद्र एफ/८, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल, दोन सेकंदांचा टायमर आणि निदान ९५ सीआरआयचे (रंग कितपत खरे दिसतात याचा निर्देशांक) दिवे ठेवावेत. प्रकाशयोजना बदलली की रंगपट्टीचे (ठरावीक रंगांचे नमुने असलेल्या पट्टीचे) छायाचित्र पुन्हा घ्यावे. माडीची लाकडी जमीन पावलागणिक हलते, त्यामुळे हे काम तळमजल्यावरच, खिडक्या झाकून करावे. चुरगळलेला कागद काचेखाली सपाट करता येतो; रंगाचे पोपडे सुटू लागलेल्या चित्रावर मात्र काच मुळीच ठेवू नये, आणि व्हार्निश लावलेल्या तैलचित्राची चमक घालवण्यासाठी दिव्यांवर व लेन्सवर ध्रुवण फिल्टर लागतात.